दोन हात वात

त्या माणसाचे खरे नाव हजेरीच्या वहीत होते आणि वहीतच राहिले. कामावर सगळे त्याला मोजूभाऊ म्हणत. ओझे वर खेचणाऱ्या यारीचा दोर ताणला की त्याचे ओठ हलू लागत. एक, दोन, तीन, चार. खोल विहिरीतून दगडांनी भरलेला लोखंडी डबा वर येईपर्यंत तो मोजत राही. डबा काठाला टेकला की थांबे, मिशीवरचा घाम पुसे आणि पुढच्या डब्याला पुन्हा एकपासून सुरुवात करी.

नवी माणसे हसत.

"मोजूभाऊ, आज किती?"

"बेचाळीस."

"मागच्या आठवड्यात?"

"एकेचाळीस."

"मग पुढच्या आठवड्याचे त्रेचाळीस आत्ताच सांगून ठेवा आणि खुशाल झोप काढा."

तोही हसे. पण त्याचे हसणे मिशीच्या खाली उतरत नसे, कारण हे मोजणे हौसेतून आलेले नव्हते. ते भीतीतून आले होते, आणि भीतीतून आलेली सवय माणसाला कातडीसारखी चिकटते. वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका विहिरीवर, सुरुंगाची वात पेटवून एका माणसाने खालून घंटा वाजवली होती. घंटा वाजताच मोजूभाऊने यारीचा दांडा ओढला. डबा वर आला तो रिकामा. आत बसण्याआधीच त्या माणसाचा पाय घसरला होता. मोजूभाऊ रिकाम्या डब्याकडे बघत उभा राहिला आणि मग पायाखालची जमीन हलली.

त्या दिवसापासून तो मोजू लागला. मोजत असताना डोके रिकामे राहत नाही. डोके रिकामे राहिले की तो रिकामा डबा त्यात येऊन उभा राहतो.

मोजण्याला अर्थ मात्र वस्तादाने दिला. वस्ताद म्हणजे इंजिनाचा जुना जाणकार. हात सदा तेलाने काळे, तोंड त्याहून तिखट. मोजूभाऊ त्याच्या हाताखाली लागला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने विचारले, "इंजिनावर पाच घोडे लिहिलंय. घोडा म्हणजे काय रे?"

"जोर," मोजूभाऊ म्हणाला.

"गाढवा, तू घोड्याला बैल केलास! तो गोदामातला पैलवान बघितलास? आणि त्याच्याबरोबरचा तो काडीपैलवान? दोघांनी चाळीस चाळीस पोती माळ्यावर चढवली. एकाची दुपारी संपली, दुसऱ्याची दिवे लागायच्या वेळेला. काम कुणी जास्त केलं?"

"पैलवानाने."

"पुन्हा गाढव. पोती तेवढीच, माळा तेवढाच. काम दोघांचं सारखं. फरक वेळेचा. काम किती, ते वेगळं आणि ते किती वेळात उरकलं, ते वेगळं. घोडा मोजतात तो या दुसऱ्याने. पंचाहत्तर किलोचं वजन एक मीटर वर उचलायचं, एका सेकंदात. हा झाला एक घोडा. यातला शेवटचा शब्द लोक विसरतात. किलो लक्षात ठेवतात, मीटर लक्षात ठेवतात आणि सेकंद खाऊन टाकतात."

मोजूभाऊने तो शेवटचा शब्द गाठीला बांधला. आता तो ज्या यारीवर होता तिची मोटर पाच घोड्यांची होती. एका दुपारी त्याने तिच्या झाकणावर खडूने हिशेब मांडून पाहिला. डबा आणि माल मिळून तीनशे किलो, विहीर छत्तीस मीटर, वर यायला बेचाळीस सेकंद. वजनाला उंचीने गुणले, वेळेने भागले, मग पंचाहत्तराने भागले. जेमतेम साडेतीन घोडे आले. दीड घोडा कुठे गेला म्हणून तो यारीच्या मिस्त्रीकडे गेला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "घासणीत मेला. दोर, कप्पी, दाते, सगळे थोडं थोडं खातात. इथे कोण उपाशी राहतं, मोजूभाऊ?"

ही विहीर गावाला पाणी पुरवण्यासाठी खणली जात होती. वर तीन पायांचे लोखंडी तिकाटणे, त्याला कप्पी, कप्पीवरून तारेचा दोर, दोराला डबा. दोराचे दुसरे टोक रहाटावर गुंडाळलेले. रहाट आणि मोटर यांच्या मध्ये दात्यांची चाके. चार दिवसांतून एकदा सुरुंगवाला येई आणि खालचा खडक उडवी. हा सुरुंगवाला मोजूभाऊचा जावई होता.

पोरीचे लग्न ठरले तेव्हा मोजूभाऊला सगळे पसंत होते, फक्त जावयाचा धंदा सोडून. पण पोरीला माणूस आवडला होता. आणि आता दैवाने असे जुळवून आणले होते की जावयाने खाली वात पेटवायची आणि सासऱ्याने त्याला वर ओढायचे.

वात कापायची जावयाची रीत ठरलेली होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. अशी दोन हात वात. ती जळायला शंभर आकडे लागत. खडकात पाडलेल्या सगळ्या भोकांच्या वाती पेटवून डब्यात चढायला पंचवीस. वर यायला बेचाळीस. काठावरून धावत दगडी आडोशामागे जायला वीस. उरले तेरा. ते तेरा नशिबाचे. प्रत्येक खेपेला मोजूभाऊ त्या तेरांवर जीव टांगून उभा राहत असे.

एका सुट्टीच्या दिवसानंतर तो कामावर आला तर यारीला नवा डबा लागलेला. जुन्याच्या दुप्पट. मुकादम कमरेवर हात ठेवून असा उभा होता, जसा काही डबा त्यानेच घडवला.

"बघा मोजूभाऊ, यारीला पैलवान केलं. काल मिस्त्रीला बसवून दात्यांची चाकं बदलून घेतली. मोटर तीच, वजन दुप्पट. आहे की नाही जादू?"

पहिला डबा भरून आला. मोजूभाऊचे ओठ बेचाळीसवर थांबले नाहीत. पन्नास, साठ, सत्तर. त्याला वाटले, आपण चुकलो. डबा काठाला टेकला तेव्हा आकडा होता पंच्याऐंशी.

"मुकादम, हळू झालं."

"हळू झालं तर झालं. माल दुप्पट येतोय ना? दुप्पट वेळेत दुप्पट माल. तुमच्या वस्तादाच्या हिशेबानेही फिट्टंफाट. तोटा कुठे आहे, दाखवा."

मोजूभाऊला तोटा दाखवता येईना. मुकादमाचे म्हणणे खरे होते. घोडे तितकेच होते, काम तितकेच होत होते, उलट डबा भरण्यातला वेळ वाचत होता. तरी त्याला पटेना. घरातली वस्तू चोरीला जावी आणि कोणती गेली ते कळू नये, तसे त्याला झाले. तो दिवसभर ती वस्तू शोधत राहिला.

दहाच्या सुमाराला खालच्या लोकांनी डब्यात नुसत्या दोन पहारी ठेवून घंटा वाजवली. हलका डबा, जवळजवळ रिकामा. मोजूभाऊने सवयीने मोजले. पंच्याऐंशी.

 हलका डबा इतका सावकाश का यावा? पण त्याच वेळी दुसरी शंका त्याला डसली. घाबरलेला माणूस भरभर मोजतो. छाती धडधडली की आकडेही धावतात. सकाळपासून आपली छाती ठिकाणावर नाही. मग हे पंच्याऐंशी खरे, की भीतीने फुगलेले? वीस वर्षे ज्या मोजणीवर तो उभा होता तीच आता पायाखाली डुगडुगू लागली. मिस्त्रीला विचारावे तर तो दुसऱ्या कामावर गेलेला, दुपारनंतर येणार होता.

दुपारी जावई आला. खांद्यावर वातीचे वेटोळे, ओठांवर शीळ.

"काय मामा, बरे आहात ना? चेहरा का उतरलाय?"

"बरा आहे, जावईबापू."

जावई दगडावर बसला, कोपराला वात लावली, बोटांपर्यंत ताणली. एक हात. दोन हात. सुरी फिरली. तुकडा पायाशी पडला.

आणि चोरीला गेलेली वस्तू कोणती, ते मोजूभाऊला दिसले. पंचवीस आणि पंच्याऐंशी. एकशे दहा. वात शंभराची.

 सांगायला तो पुढे झाला आणि थांबला. जावई लहान असला तरी जावई होता. चार माणसांत जावयाला शहाणपण शिकवायचे नाही, त्याच्या कामात हात घालायचा नाही, ही रीत मोजूभाऊच्या हाडात भिनलेली. तो जावयाला सोडून मुकादमाकडे वळला.

"मुकादम, वात लांब हवी. यारी हळू झालीय. सकाळी पंच्याऐंशी..."

"अहो, तेव्हा डब्यात सहाशे किलो होते! आता एकटा माणूस. पिसासारखा वर येईल. ओझं उतरवलं की बैल पळतो, हे पोरंसुद्धा सांगतील."

"पण रिकामा डबासुद्धा..."

"दुधाने तोंड पोळलं म्हणून किती वर्षं ताक फुंकणार, मोजूभाऊ?" मुकादम हसला. भोवतालची माणसेही हसली. त्यांना वीस वर्षांपूर्वीची गोष्ट ऐकून माहीत होती.

जावयाचे कान लाल झाले. सासऱ्याचे हसे झालेले त्याला बघवेना. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, चला, सोडा मला खाली. माझी वात मला कळते." आणि उडी मारून डब्यात उभा राहिला.

खाली जाताना मोटर लागत नसे. दाते मोकळे करून डबा ब्रेकवर सोडायचा. डबा नेहमीच्या वेगाने, सुळकन खाली गेला. जावयाला काहीच वेगळे वाटले नाही. वाटण्यासारखे काही नव्हतेच. पडणाऱ्याला सगळ्या याऱ्या सारख्या. मोजूभाऊ काठावरून त्याची टोपी बघत राहिला. टोपी ताटलीएवढी झाली, मग बटणाएवढी, मग दिसेनाशी झाली.

वात पेटवण्याआधी खालून घंटेचे दोन ठोके येत. म्हणजे, पेटवू का? वरून एक ठोका दिला की, पेटवा. खालून मग तीन आले की, ओढा. आणि वरूनच तीन दिले तर, काम सोडा, वर या. वरून उत्तर आल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा त्या रिकाम्या डब्यानंतर सगळीकडे पाळला जाणारा नियम होता.

बराच वेळ गेला. खाली जावई भोकांत सुरुंगाची दारू भरत असणार. माणसे आडोशामागे निघून गेली. काठावर मोजूभाऊ आणि मुकादम उरले.

घंटा वाजली. एक. दोन.

मोजूभाऊच्या हातात घंटेची दोरी होती. एकदा ओढायची, एवढेच काम. हात हलेना. त्याला आपली छाती ऐकू येत होती, आणि ती भरभर चालली होती, इतकी भरभर की तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये. आपण चुकत असलो तर? जावयाचे चार माणसांत हसे होईल, भित्र्याचा जावई म्हणतील, पोर आपल्याशी बोलणार नाही. आणि आपण बरोबर असलो तर?

घंटा पुन्हा वाजली. दोन ठोके. या वेळी जरा रागाने.

"झोपलात काय?" मुकादम पुढे आला. "आणा इकडे ती दोरी!"

मोजूभाऊने जन्मात कुणाचा हात झटकला नव्हता. त्याने मुकादमाचा झटकला. दोरी छातीशी धरली आणि ओढली. एक. दोन. तीन.

"वर या म्हणताय? भोकं भरलेली असताना? अक्कल गहाण टाकलीत काय?"

 मोजूभाऊने दाते लावले, दांडा ओढला. दोर ताणला. खाली काही पेटलेले नव्हते, कसलीही घाई नव्हती, तरी त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. डबा येत होता. येत होता. येतच होता. बेचाळीस झाले तेव्हा टोपी अजून बटणाएवढीच होती.

जावई काठावर उतरला तो तोंडात आग घेऊनच. "मामा, हे काय..." आणि तो मध्येच थांबला. मागे वळून त्याने विहिरीत पाहिले, मग दोराकडे, मग रहाटाकडे. सुरुंगवाल्याच्या अंगातच एक घड्याळ असते. त्या घड्याळाने त्याला काहीतरी सांगितले होते.

"ही यारी अशी का चालतेय?" तो हळू आवाजात म्हणाला.

"चालतेय तशीच चालतेय," मुकादम म्हणाला. "तुमच्या सासऱ्याने भीतीपोटी दांडा अर्धाच ओढला असेल."

तेवढ्यात मिस्त्री आला. त्याला सगळे ऐकावेही लागले नाही. त्याने मुकादमाकडे बघून कपाळावर हात मारून घेतला.

"एकटा माणूस म्हणून पळेल? अहो, मोटर आपल्या ठरल्या वेगाने फिरते. चाकं अशी लावलीत की रहाट निम्म्यानेच फिरणार. डब्यात डोंगर घाला नाहीतर पिसं घाला."

"मग बाकीचे घोडे कुठे जातात?"

"कुठे जाणार? दारात उभे राहतात. एका माणसाला इतक्या सावकाश ओढायला दीड घोडासुद्धा लागत नाही. घाई विकून तुम्ही वजन घेतलंत. घ्या की. पण विकलेली घाई परत मागू नका."

"ही तोंडाची वाफ झाली," मुकादम म्हणाला, पण त्याचा आवाज आता विहिरीच्या काठापासून दोन पावले मागे सरकला होता.

"तोंडाची वाफ नकोच," जावई म्हणाला. त्याने खांद्यावरचे वेटोळे काढले. कोपराला लावून, सगळ्यांच्या देखत, दोन हात वात कापली. ती काठापासून लांब एका सपाट दगडावर आडवी ठेवली. "मामा, रिकामा डबा खाली सोडा. मी ही इथे पेटवतो. पंचवीस मोजा आणि ओढा. मोठ्याने मोजा."

माणसे आडोशातून बाहेर आली. डबा तळाला टेकला. काडी ओढली गेली. वातीने फुत्कार टाकला आणि निळसर धुराचा एक किडा दगडावर सरपटू लागला.

मोजूभाऊ मोठ्याने मोजू लागला. आपल्या छातीवर त्याचा विश्वास नव्हता, पण आता छातीचे काम नव्हते. वात कुणाच्या भीतीने भरभर जळत नाही. पंचवीसला त्याने दांडा ओढला आणि मग तो मनात मोजू लागला. सगळे दोन गोष्टींकडे बघत होते. एकदा दगडाकडे, एकदा विहिरीकडे. धूर सरकत होता, दोर सरकत होता. हातभर वात उरली तेव्हा डबा निम्म्या विहिरीतही आला नव्हता. वीतभर उरली. चार बोटे उरली. कुणीतरी नकळत म्हणाले, "ये रे, ये लवकर." रिकाम्या डब्याला.

वात दगडाच्या टोकाला गेली, एकदा फुरफुरली आणि विझली.

डबा दोन पुरुष खाली होता. यारी शांतपणे, एका सुरात, कुणाची वाट न बघता फिरत होती. तो वर यायला आणखी दहा आकडे लागले. डबा काठाला टेकला. रिकामा. मोजूभाऊने मान फिरवली.

मुकादमाने त्या दगडावरच्या काळ्या रेघेकडे पाहिले. तो म्हणाला, "मग जुनी चाकं पुन्हा लावायची का?"

"आज कशी लावणार? खाली भोकं भरून ठेवलीत," मिस्त्री म्हणाला. "वात वाढवा आणि उरका."

जावयाने वात कापायला घेतली. एक हात, दोन हात. थांबला. तिसरा हात मोजला आणि सासऱ्याकडे बघितले. मोजूभाऊने चार बोटे दाखवली. जावयाने चार-चार हातांच्या सहा वाती कापल्या.

तो पुन्हा खाली गेला. टोपी ताटलीएवढी, बटणाएवढी, नाही. दोन ठोके आले. मोजूभाऊने एक दिला. आता हिशेब जमत होता. वात दोनशेची होती, नशिबाच्या वाट्याला सत्तर होते. तरी त्याची भीती कमी झाली नव्हती, कारण पूर्वी त्याला बेचाळीस आकडे भ्यायचे असे, आणि आता पंच्याऐंशी होते. तीन ठोके आले. त्याने दांडा ओढला. खाली सहा वाती फुत्कारत होत्या आणि त्यांच्या वर त्याच्या पोरीचा नवरा एका दोराला लोंबकळत, सावकाश, फार सावकाश वर येत होता. साठला टोपी ताटलीएवढी झाली. ऐंशीला डोळे. पंच्याऐंशीला जावयाने काठ धरला, आणि सासऱ्याचा दंडही धरला. आडोशापर्यंत त्याने त्याला जवळजवळ उचलूनच नेले.

सुरुंग उडून जमीन हलली तेव्हा दोघे भिंतीला पाठ लावून बसले होते. जावईही ओठ हलवत होता.

संध्याकाळी दोघे बरोबरच जावयाच्या घराकडे निघाले. 

"मामा, घरी काही बोलू नका."

"नाही बोलणार."

"दुसऱ्यांदा ठोके दिले तरी तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तेव्हा मी खाली तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"ऐकू नाही आलं, जावईबापू. खोल आहे विहीर."

दारात मुलगी उभी होती. दोघांचे चेहरे तिने एकदा बघितले, मग पुन्हा बघितले.

"आज उशीर झाला?"

"यारी हळू झालीय," मोजूभाऊ म्हणाला.

"मग होऊ द्या की हळू. तुम्हाला कुठे घाई आहे?"

जावई चटकन आत निघून गेला. मोजूभाऊ पायरीवर बसला आणि चपला काढू लागला. वादी निघेना.  ती निघेपर्यंत तो मनात मोजत राहिला.